टेंपरेचरकाकांचं विमान

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका भेटले की "कशी आहेस?" असं कधी विचारायचे नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "टेंपरेचर काय म्हणतंय?" तो माझ्या तापाबद्दल असायचा, गॅसवरच्या दुधाबद्दल असायचा, नाहीतर माझ्या नवऱ्याच्या रागाबद्दल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी भट्टीवर काढली होती. गिअर लालभडक तापवायचे, तेलात बुडवायचे आणि कडक करायचे. रिटायर होऊन ते पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत राहायला आले, आणि महिन्याभरात आम्ही बायकांनी त्यांचं नाव टेंपरेचरकाका ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा रागवायचं सोडून त्यांनी पेढे वाटले.

सुमनकाकू म्हणजे त्यांच्या अगदी उलट. सुगरण, देवभोळ्या आणि भित्र्या! लिफ्टमध्ये शिरल्या की माझा दंड असा धरायच्या की वळ उठायचे. त्यांची एकुलती एक लेक जर्मनीला. तिला दिवस गेले, पहिलंच बाळंतपण, तिथे तिचं कुणी नाही, आणि काकू विमानात बसायला तयार नाहीत. "रेल्वेनं कुठवर जाता येतं बघा की," असं त्या खरंच म्हणाल्या होत्या. फोनवर लेक रडायची, इकडे काकू रडायच्या. एकट्यानं जायचं नाव काढलं की काका म्हणायचे, "मी जाऊन काय करू? बाळंतिणीला भट्टीत घालू?"

शेवटी त्यांनी ठरवलं, बायकोला घरातच विमानाची सवय लावायची. "भीतीचं लोखंडासारखं असतंय बघ वर्षा. एकदम आच दिली की तडा जातो. हळूहळू तापवायचं." मागच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरवर विमान चालवायचा प्रोग्रॅम घातला, समोर तीन पडदे लावले आणि बसायला भंगारातून कंपनीच्या बसचं दोघांचं सीट आणलं. काकूंना शेजारी बसवून लोहगावहून उड्डाण केलं. पवना नदीवर आलो आणि चित्र अडकलं, मग एकदम पुढे उडी मारून गेलं. "पडलं! पडलं!" काकू किंचाळल्या आणि तडक देवघरात जाऊन बसल्या. मला हसू आवरेना, पण काका गंभीर होते. ते म्हणाले, "तिची चूक नाही. चित्र अडखळतंय म्हणून तिचा जीव घाबरतोय. ते लोण्यासारखं सरकलं पाहिजे."

आणि इथे काकांनी भट्टीवाल्याचं डोकं चालवलं. एका भट्टीवर लोड आला की दुसरी पेटवायची! कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला, दोन प्रोसेसर बसतील असा भलामोठा मदरबोर्ड त्यांनी मिळवला आणि गोधडीत गुंडाळून रिक्षातून नव्या नवरीसारखा घरी आणला. माझा नवरा हिंजवडीला कॉम्प्युटरमध्येच काम करतो. तो म्हणाला, "काका, नका हो, याचा उपयोग नाही." पण काका ऐकतील तर शपथ! बोर्ड चालू झाला आणि विमान आधीपेक्षा जास्त अडखळायला लागलं. प्रोग्रॅमचं जड काम सगळं एकाच प्रोसेसरवर पडत होतं, दुसरा नुसता गार. त्यात त्या बोर्डावर प्रोसेसरचा वेग वाढवायची सोयच नव्हती. काका चिडतील असं मला वाटलं, तर मांडीवर थाप मारून हसायला लागले. "अगं, एक राबतोय आणि दुसरा तंबाखू मळत बसलाय! आमच्या कंपनीतल्या शॉपमध्ये तरी वेगळं काय होतं?"

मग त्यांनी एकच प्रोसेसर घेतला, पण दमदार, आणि त्याला ठरल्यापेक्षा जास्त पळवायला सुरुवात केली. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे सोसायटीतल्या प्रत्येकाला काकांनी लिफ्टमध्ये गाठून समजावलं. "ओव्हरटाइमच की तो! माणसाकडून ओव्हरटाइम करून घ्यायचा तर चहापाणी नको? याचं चहापाणी म्हणजे गार हवा." आयुष्यभर तापवण्यात घालवलेला माणूस आता पंखे लावत, आकडे बघत बसायचा. वेग जरासा वाढवायचा, विमान उडवायचं, टेंपरेचर बघायचं, पुन्हा जरासा वाढवायचा. नवरात्रात एक दिवस मुंबईपर्यंतचं विमान खरोखर लोण्यासारखं गेलं. काकांनी जाहीर केलं, दसऱ्याला काकूंचं सीमोल्लंघन!

खंडेनवमीला कारखान्यातली मशिनं बंद ठेवून पूजतात, तशी काकूंनी त्या कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली. हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, झेंडूचा चांगला जाडजूड हार घातला. दसऱ्याला सकाळी काका चालवायला, शेजारी काकू, आणि मागे स्टुलावर मी. उड्डाण झकास झालं. काकूंनी डोळेसुद्धा उघडले. आणि घाट ओलांडताना चित्र अडखळायला लागलं. काकांचा चेहरा पडला. आज बिनसलं तर काकू पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. लेकीचा महिना जवळ येत होता. "मीच जास्त ताणलं, तेच नडलं," असं पुटपुटत काका प्रोसेसरचा वेग कमी करत होते, तरी टेंपरेचरचा आकडा चढतच होता.

काकू उठल्या. झालं, चालल्या देवघरात, असं मी मनात म्हटलं. पण त्या खाली वाकल्या आणि लेकराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला. "अहो, भाजतंय हो हे! आणि याचं नाक तर मीच दाबलंय की!" हार बरोबर हवा आत घेणाऱ्या पुढच्या जाळीवर आला होता आणि पाकळ्या ओढल्या जाऊन जाळी गच्च बुजली होती. पूजेतला हार उतरवू नये म्हणून आम्ही कुणी हात लावला नव्हता. काकूंनी देवाला हात जोडून तो काढला, पदरानं जाळी पुसली आणि पुन्हा सीटवर येऊन बसल्या. पंखे सुसाट सुटले, आकडा उतरला, चित्र सरकायला लागलं. "बघता काय माझ्याकडं? मुंबई आली, उतरवा!" काका उतरवत कसले! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी विमान चालवायचा दांडा काकूंच्या हातात दिला. विमान बेडकासारखं उड्या मारत उतरलं, पण उतरलं. आम्ही तिघं इतक्या मोठ्यानं ओरडलो की वॉचमन वर आला.

दिवाळी झाल्यावर दोघं जर्मनीला गेले. नात झाली. खऱ्या विमानात हादरे बसले तेव्हा काकाच घामाघूम झाले आणि काकूंनी त्यांचा हात धरून ठेवला, हे काकांनीच मला परत आल्यावर छाती पुढे काढून सांगितलं.

गेल्या वर्षी काका अचानक गेले. आमचा मजला सुना झाला, अजून आहे. लेक दिवसकार्याला आली आणि आईला सोबतच चल म्हणून हट्ट धरून बसली. काकू म्हणाल्या, "तू हो पुढं, तुझं लेकरू तिकडं वाट बघतंय. इथलं आवरून मी माझी येते." बोलायला काय जातं, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. पण त्यांनी खरंच तिकीट काढायला लावलं. मुंबईला विमानतळावर सोडायला मी गेले होते. दारापाशी माझाच धीर सुटला. मी त्यांचा दंड धरून रडत म्हटलं, "काकू, एवढ्या लांब एकट्यानं जमेल ना हो?"

काकूंनी माझे डोळे पुसले आणि ट्रॉली वळवली.

"अगं, मला चालवता येतं. नुसतं बसून जायला काय लागतंय?"