ओतून टाकायला दिलेली बाटली

पत्रक मी अर्ध्या तासात लिहिते. हे लिहायला बसून आज चौथा दिवस आहे. पत्रकात दुसऱ्याचं पाप सांगायचं असतं, ते सोपं. हे माझं आहे — आणि ते आईला माहीत नाही, मोहिमेतल्या बायांना माहीत नाही, पुण्यातल्या मैत्रिणीला माहीत आहे ते अर्धंच. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

आधी सोपा भाग. मी दारूबंदीची कार्यकर्ती आहे. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अलीकडं आमचं गाव. आणि मला व्हिस्की आवडते.

नाही, आवडते म्हणणं म्हणजे पळवाट झाली. मला व्हिस्की कळते.

पुण्यात कायदा शिकत होते तेव्हाची गोष्ट. खोलीतली मैत्रीण एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये कामाला होती. ती नमुन्याच्या लहान बाटल्या आणायची. रविवारी दुपारी आम्ही चार पेले मांडून बसायचो — मध्ये पाण्याचं भांडं, औषधाचा ड्रॉपर, आणि एक वही. झिंगायचं नाही, ओळखायचं, हा नियम. पहिल्यांदा सगळ्या सारख्याच लागल्या, घसा भाजणाऱ्या. मग वेगळ्या होत गेल्या. स्कॉटलंडच्या बेटावरची — तिकडं जव वाळवताना दलदलीतल्या मातीचा धूर देतात — ती नाकाशी नेली की आमची चूल, ओलं सरपण, आणि त्यात कुठंतरी टिंक्चर आयोडीन. शेरी नावाच्या वाइनच्या जुन्या पिपात मुरलेली म्हणजे काळ्या मनुका, खारका, ईदेला शेजारच्या खालांकडून येतो त्या शीरखुर्म्याचा तळ. अमेरिकन मक्याची, आतून जाळलेल्या कोऱ्या पिपातली, गोड — भाजलेलं कणीस आणि वर काकवी. जपानी इतकी नेटकी की मला तिचा रागच यायचा. आणि आपली, इथल्या जवाची. आपल्या उन्हात पिपातली दारू लवकर मुरते, वाफ होऊन उडतेही जास्त, म्हणून थोड्या वर्षांत तिला पिकल्या फळाचा वास येतो. आपल्याकडं व्हिस्की म्हणून दुकानात जी स्वस्त मिळते तिच्यात बहुतेक उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. ती मला डोळे झाकून ओळखता यायची. कारखान्याच्या पट्ट्यातली पोरगी मी — मळीचा वास मला कोण शिकवणार? तिथं शहरातली मैत्रीण हरायची.

एवढंच असतं तर मी लिहायला बसलेच नसते. हा शौक झाला. शौक म्हणजे गुन्हा का?

पण मी गावी परत आले आणि शाळेसमोरचं दुकान पाहिलं. सकाळी पोरं प्रार्थना म्हणतायत आणि समोर माणसं गटारीत पडलेली. माझ्या वर्गातल्या तीन मुलींचे संसार त्या दुकानात गेले. माझा संताप खरा होता, अजूनही आहे, त्यात खोट नाही. कायद्यात सोय आहे: गावातल्या बायांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. आम्ही आडवी बाटलीची मोहीम काढली. पहिली सही सुमनकाकूंची. पत्रकं माझी. त्यातली एक ओळ पोरांना पाठ झाली होती — देशी असो की विलायती, सगळी सारखीच, विष ते विष!

सगळी सारखीच. हे लिहिणारा हात माझा होता. आणि त्याच आठवड्यात, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आणलेली दोन बोटं शेरीच्या पिपातली, दार लावून, मी पाण्याचा एकेक थेंब टाकत हुंगत बसले होते. दोन्ही एकाच बाईनं केलं. पटतं का तुम्हाला? मला तेव्हा सहज पटत होतं.

सुमनकाकूंचे मालक भानुदासकाका. ट्रॅक्टर चालवायचे. बाजाराच्या दिवशी प्यायचे, प्यायले की बैलांशी बोलायचे, कधी हात उगारला नाही. काकूंना सभेला आणून सोडायचे आणि पारावर बसून माझी फिरकी घ्यायचे. एका भरसभेत ओरडले, "ताई, तुमी दारूला लई वंगाळ बोलता. चव तरी घेतली का कधी?"

माणसं खदाखदा हसली. बायांनी माझ्याकडं पाहिलं.

"एक थेंब नाही!" मी माइकवर म्हणाले. "वासानं पोटात ढवळतं माझ्या!"

टाळ्या. काकू उभ्या राहून नवऱ्यावर ओरडल्या, "घाला आता तोंडात दस्ती!" त्यांनी खरंच खिशातल्या रुमालाचा बोळा तोंडात घातला, आणि सगळी सभा हसली. मीसुद्धा. त्या दिवसापासून मी 'एक थेंब नाही'वाली ताई झाले. हे खोटं मला बांधून ठेवेल हे तेव्हा कळलं नाही का? कळलं असेल. टाळ्या चालू होत्या.

आता मुख्य ते.

मतदानाला थोडे दिवस होते. दुकानवाल्याची माणसं मालाचं पोतं घेऊन निघाली होती, पुरुषांत वाटायला. बायांनी फाट्यावर जीप अडवली आणि पोतं ओढून घेतलं. आमचं कार्यालय म्हणजे पिठाच्या गिरणीमागची खोली. पोतं तिथं आणलं. उत्पादन शुल्कवाले येऊन पंचनामा करणार होते. बाया जेवायला घरी गेल्या. मी एकटी राखणीला.

पोत्यात सगळ्या देशीच्या चपट्या. आणि पुठ्ठ्याच्या नळकांड्यात एक उंच बाटली, गावातल्या कुणा मोठ्या असामीसाठी. लेबल पाहिलं. त्याच धुराच्या बेटावरची. मैत्रीण सांगायची, ही एकदा चाखलीस की बाकीच्या विसरशील. आम्हाला ती कधी परवडली नव्हती.

मी बूच फिरवलं. सील तुटल्याचा आवाज झाला — तो आवाज झाला तेव्हा तरी थांबायचं. टोपणात ओतून नाकाशी धरली.

धूर नाही. लाकूड नाही. जळक्या साखरेचा वास, आणि खाली नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखं काहीतरी नाकात झोंबणारं. जिभेला लावली आणि खिडकीतून थुंकले. ही ती नव्हती. रिकाम्या महागड्या बाटलीत कुठल्यातरी शेडमध्ये ड्रममधून भरलेला माल होता. त्यात नेमकं काय आहे हे नाकाला कळत नाही. विषारी दारू वासावरून ओळखता येत नाही, हे मीच पत्रकात लिहिलेलं. पण ती नकली आहे हे मला कळलं, त्या अख्ख्या गावात फक्त मला. एवढं पुरेसं नव्हतं?

बाहेर उत्पादन शुल्कवाल्यांच्या जीपचा आवाज आला. सील तुटलेली बाटली पंचनाम्यात कशी दाखवणार? कुणी उघडली म्हणून विचारतील. मी ती पत्रकांच्या गठ्ठ्यामागं ढकलली. पोतं उचलायला भानुदासकाका आले होते, काकूंनीच पाठवलेले. त्यांना गठ्ठ्यामागं काच दिसली.

"हे काय हाय, ताई?"

"फुटकी आहे," मी म्हणाले. मग म्हणाले, "सील तुटलंय. मागच्या नाल्यात ओतून टाका."

त्यांनी ती उजेडात धरली. "लई भारी दिसती. विलायती हाय जणू. हिला कावून ओतायचं?"

बघा — इथं मी होते. दाराशी उत्पादन शुल्कवाले, समोर काका, आणि तोंडात एक वाक्य: काका, ही नकली आहे, बनावट माल आहे, हात लावू नका. पुढचा प्रश्न ठरलेला होता — तुमाला कसं कळलं? मी ते वाक्य गिळलं आणि पत्रकातलं काढलं.

"देशी काय न् विलायती काय, काका. सगळी सारखीच. विष ते विष."

ते हसले. हसणारच की! ते विष हा माणूस वीस वर्षं दर बाजाराला पीत आला होता आणि ठणठणीत होता. दस्तीत बाटली गुंडाळून ते म्हणाले, "ओततो की." कुठं ओतणार हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी ते पाहिलं. मी पाहिलं, आणि पंचनाम्यावर सही करायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. मी शेजारच्या वस्तीवर सभेत होते. "ओकारी थांबंना ताई. आन् डोळ्याम्होरं पांढरं पांढरं दिसतंय म्हणतेत, धुकं आल्यावानी."

माझ्या पत्रकात हे चौकटीत छापलेलं होतं. उलट्या, पोटदुखी, डोळ्यांपुढं धूसर: तासभरही थांबू नका, दवाखाना गाठा. चौकट ठळक करा असं छापखान्यात मीच सांगून आले होते.

मी काकूंना म्हणाले, "उतरेल. लिंबूपाणी द्या, झोपू द्या."

का? दवाखान्यात बाटली विचारली असती. बाटलीवरून मी निघाले असते. मतदान तोंडावर होतं — असं तेव्हा मी मनाला सांगितलं. मतदानासाठी नव्हतं ते. मला 'एक थेंब नाही'वाली राहायचं होतं. सभा संपवून, जेवून, मी दुपारी त्यांच्या घरी गेले. तोवर काकांना दार कुठं आहे ते दिसत नव्हतं. भिंत चाचपत होते आणि म्हणत होते, "ऊन पडलं न्हाई का गं आज?"

बीडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? काकू म्हणाल्या, "सकाळपासनं. ताईला फोन केलता मी." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "मला वाटलं, नेहमीचीच नशा." डॉक्टर म्हणाले, सकाळी आणायला पाहिजे होतं. जीव वाचला. डोळे गेले.

पोलीस आले तेव्हा काकांनी जबाब दिला. ताईंनी ओतून टाकायला सांगितलं होतं, बाटली मी चोरली. मी आधी फुटकी म्हणाले होते, मग सील तुटलंय म्हणाले होते, हे त्यांनी सांगितलंच नाही. विसरले असतील किंवा मला सांभाळलं असेल. मला विचारायची हिंमत नाही. काकूंनी माझे हात धरले. "तुमचा काय दोष? तुमी तर इष हाय म्हणून सांगितलं व्हतं. माझ्याच माणसानं आपल्या मोहिमेत चोरी केली." ज्या बाईनं पहिली सही केली तिनं त्यानंतर कितीतरी महिने मान वर केली नाही. नवऱ्याला जेवायला वाढायची, ताटात भाजी कुठं आहे सांगायची, बाकी शब्द नाही. गावात त्यांना चोर म्हणायला लागले, आंधळा चोर. मी ऐकायचे आणि म्हणायचे, असं बोलू नये. मोठी ताई ना मी.

अजून आहे. मतदानाच्या आधीच्या शेवटच्या सभेत मी त्यांना हाताला धरून स्टेजवर चढवलं. "बघा!" मी माइकवर ओरडले. "बघा या डोळ्यांकडं!" बाया रडल्या. काका माइककडं पाठ करून उभे होते. त्यांना माणसं कुठल्या बाजूला आहेत तेच कळत नव्हतं. मी त्यांना खांद्याला धरून वळवलं. बाटली आडवी झाली. दुकान बंद झालं. गुलाल उधळला, मला शाल-नारळ मिळाला. नवीन पत्रकावर काकांच्या चेहऱ्याचा फोटो आहे. ते पत्रक आता नेकनूरकडच्या गावांतही जातं.

दारू तेव्हापासून सोडली, असं इथं लिहिता आलं असतं तर चांगलं दिसलं असतं. सोडली नाही. मध्ये पुण्याला गेले होते, तेव्हा मैत्रिणीला सांगून त्याच नावाची खरी बाटली शोधली. का? काय नव्हतं त्या बाटलीत ते मला जाणून घ्यायचं होतं, असं म्हणाले तिला. धूर होता. समुद्रावरचं ओलं दोरखंड, मीठ, आणि शेवटी, बऱ्याच वेळानं, जिभेच्या मागं विझलेल्या राखेत भाजलेल्या सफरचंदासारखी गोडी. मी वहीत लिहून ठेवलं. मी रडले नाही. दुसरा घोट घेतला.

परवा काकूंकडं गेले होते. काका ओसरीवर बसले होते, पावलांवरून ओळखतात आता. काकू आत चहाला गेल्या. काका हळूच, घरात ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "एक इचारू का ताई? रागवू नका. ती खरी आसती तर — कशी लागली आसती हो?"

चेहरा माझ्याकडं वळवून वाट बघत होते. आता जन्मभर ते पिणार नाहीत. दुसरं काही मागत नव्हते, नुसतं ऐकायचं होतं.

"मला काय माहीत, काका," मी म्हणाले.

ते म्हणाले, "व्हय की. तुमाला कसं ठावं आसंल." आणि मग आतून चहा आला, आणि मी तो प्याले.