घडीवर काढलेली सीट

मी तिसरीपर्यंत शिकलो. त्यामुळं लिहिताना कुठं चुकलं तर चुकलं. बायको असती तर तिनं तपासलं असतं. ती सातवी पास होती आणि त्या चार इयत्तांचा तोरा तिनं जन्मभर मिरवला. आता ती नाही, तपासणारं कुणी नाही, म्हणून जसं येतंय तसं लिहितो.

कतारमध्ये मी एका अरबाबाकडं मेकॅनिक होतो. अरबाब म्हणजे ज्याच्या व्हिसावर आपण तिथं असतो तो मालक. मुऐदरला त्याचा मोठा व्हिला, आवारात अकरा गाड्या, आणि गाड्यांच्या मागं भिंतीला लागून आमची खोली. बायको त्याच घरात शिवणकामाला होती. अरबाबाच्या म्हाताऱ्या आईला दुकानातल्या शिंप्यापुढं उभं राहणं पटायचं नाही, म्हणून तिच्यासाठी घरातच बाई ठेवलेली, ती आमची. दोघांचे व्हिसा एकाच घरावर. कोल्हापूरकडच्या आमच्यासारख्या अडाणी जोडप्याला असं क्वचित मिळायचं. दोहाच्या नजमा वस्तीत माझ्या ओळखीची माणसं एका खोलीत आठ-आठ राहायची आणि आठवड्यातनं एकदा फोनकार्डावर बायकोचा आवाज ऐकायची. माझी शेजारीच असायची आणि दिवसभर बोलायची. तेव्हा त्याचं मला काही कौतुक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव साल असेल. अरबाबाचा थोरला मुलगा इंग्लंडला शिकत होता. तिथनं त्यानं एक गाडी पाठवली. गाडी म्हणजे सहा लाकडी खोकी. तिकडं म्हणे गाडी सुटी विकत मिळते आणि हौशी माणूस ती घरी जोडतो. सुट्टीला आल्यावर त्यानं एक खोकं उघडलं, आतल्या नळ्या बघितल्या, झाकण लावलं आणि शोरूममध्ये जाऊन तयार गाडी घेऊन आला. खोकी वर्षभर पत्र्याच्या शेडखाली पडून. त्यात मांजर दोनदा व्यालं. शेवटी अरबाब मला म्हणाला, यल्ला, हे उचल. टाकायचं तर टाक, जोडायची तर जोड, गाडी तुझी, पण जागा मोकळी कर.

मी जोडायला घेतली. जन्मभर लोकांच्या गाड्या उघडल्या होत्या, एक पहिल्यापासनं बांधून बघावी, एवढंच. फार विचार केला नव्हता.

बरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. मी चित्रांवर भागवलं. चासी, फायबरची बॉडी, चाकं हे खोक्यात होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स आपलं आपण बघायचं. ते मी सनैयातनं, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीतनं, एका ठोकर खाल्लेल्या जपानी पिकअपचं काढून आणलं. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, बांगेनंतर आणि शुक्रवारी काम करायचं. बायको पाटावर बसून नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायची आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवायची. अशी दोन वर्षं गेली. एकदा म्हणाली, एवढ्या वेळात लोकांची दोन पोरं होतात. आम्हाला मूल नव्हतं. असला विनोद तीच करू शकायची, दुसऱ्या कुणी केला असता तर मी पाना फेकून मारला असता.

गाडी दोन माणसांची, वरनं उघडी, आणि बुटकी. इतकी बुटकी की बसलं की ढुंगण रस्त्यापासनं वीतभर. सीट बसवल्या तशी मी हिला म्हटलं, बसून बघ. बसली. बसताना काही अडचण नव्हती. उठताना गुडघ्यांनी नकार दिला. मी आणि घरातला ड्रायव्हर, दोघांनी बगलेत हात घालून ओढली.

"चिखलातनं म्हस काढल्यासारखी काढली मला," ती म्हणाली. "गाडी बायको नसलेल्या माणसानं केलीय."

ते खरं असणार. मी तिच्या बाजूची सीट काढली आणि दुसरी बांधली. चौकोनी पाइपचा सांगाडा, मजलिसच्या, म्हणजे अरबाबाच्या बैठकीच्या खोलीतल्या, जुन्या सोफ्यातला स्पंज, उंची खुर्चीएवढी, उठताना धरायला बाजूला पलंगाच्या नळीचा दांडा. सायलेन्सरची नळी तिच्याच बाजूनं बाहेर जात होती, त्यावर साडी जळू नये म्हणून ओव्हनची जाळी कापून लावली. मग दोघं बसून बघितलं. माझं डोकं काचेच्या खाली, तिचं काचेच्या वर. ड्रायव्हर म्हणाला, वर कलेक्टरीण आणि खाली शिपाई. हिला ते आवडलं.

त्याच महिन्यात अरबाबाची आई वारली. हिचं काम संपलं तसा हिचा व्हिसाही संपला. अरबाब वाईट माणूस नव्हता. त्यानं तिचं तिकीट चांगल्या विमानाचं काढलं. तीन आठवड्यांनंतरचं होतं. ही रडली नाही. तिकीट शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "जायच्या आधी एकदा मला त्यातनं समुद्रापर्यंत न्या. दोन वर्षं नट धुतलेत मी."

आता गाडी चालत होती, पण आवारातच. रस्त्यावर न्यायची तर नंबर पाहिजे, नंबर पाहिजे तर विमा पाहिजे. विना कागदाचं परक्या मुलखात रस्त्यावर सापडलो असतो तर आम्हा दोघांचं एकाच विमानात जाणं झालं असतं, पण मध्ये जेल करून.

विम्याच्या ऑफिसात केरळचा क्लार्क होता. त्यानं कॉम्प्युटरकडं बघत विचारलं, गाडी कुठल्या कंपनीची? मी पुस्तकावरचं नाव दाखवलं. ते त्याच्या यादीत नव्हतं. मग जोडली कुणी? मी. मॉडेल कुठल्या सालचं? मागच्या शुक्रवारचं. कुठल्या देशात तयार झाली?

"मुऐदर," मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, चाचा, मला नोकरी करायची आहे. मी म्हटलं, मग लिहा, मला दुसरं माहीत नाही. त्यानं काय लिहिलं कोण जाणे, पण कंपनीचा तपासणीस गाडी बघायला येईल असं सांगितलं. तो यायला आठ दिवस लागले. ही रोज सकाळी विचारायची, आला का. मी म्हणायचो, इन्शाल्ला. ती म्हणायची, अरबी नको, वार सांगा.

तपासणीस मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, वयस्कर, अंगानं भरलेला. काम चोख होतं त्याचं. गाडीखाली गोधडी टाकून झोपला, एकेक जोड टॉर्चनं बघितला, ब्रेक मारून बघितले, पुस्तकातल्या चित्राशी ताडून खुणा केल्या. सगळं पास केलं. मग तिच्या सीटपाशी येऊन थांबला.

ही कंपनीची नाही, म्हणाला. मी म्हटलं, नाही, ही त्यांच्यापेक्षा चांगली आहे. तो म्हणाला, असेल, पण बाकी सगळ्याला ड्रॉइंग आहे, हिला नाही. सीट मी बांधलेली, बेल्टाचे हुक मी लावलेले, ज्याचं ड्रॉइंग नाही त्यावर माणूस बसवायचं तो लिहून देणार नाही. कागदावर एक सीट येईल, ड्रायव्हरची. नाहीतर कंपनीची बुटकी सीट परत बसवा, उद्या पास करतो.

ही खोलीच्या दारात उभी होती. काय म्हणाला ते मी सांगितलं.

"मग मी काय सामान म्हणून येऊ?"

मी म्हटलं, बुटकी सीट बसवतो, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, बसवा, पण मला उठवायला क्रेन लागंल, तिचाबी विमा काढा.

मला ड्रॉइंग येत नव्हतं. मी लोखंडाला हात लावतो आणि ते होतं, कागदावर मला रेघ सरळ येत नाही. आठ-नऊ दिवस उरले होते. मी अल हिलालला एका पुण्याच्या इंजिनिअरकडं जायचं म्हणत होतो. त्याची गाडी कधीतरी दुरुस्त केली होती. ही म्हणाली, लोकांच्या दारात कशाला, आजपतुर एक झंपर मी कागद न काढता कापलाय का? सीट म्हणजे काय, बसणाऱ्याचं मापच की.

कपडे बेतायचा खाकी कागद तिच्याकडं गुंडाळीच होता. गळ्यात टेप टाकून तिनं सीट मापायला घेतली. पाठ, बैठक, पायांची उंची, पाइप कुठं वाकलाय, बोल्ट कुठं आलेत, बेल्टाचा हुक कुठं. मी सांगायचो, ती खडूनं खूण करायची. एकदा मी पाऊण इंच चुकीचं सांगितलं तर म्हणाली, असल्या मापानं बगलेत काचलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात गेलो. तपासणिसाच्या टेबलावर मी गुंडाळी सोडली. टेबल पुरलं नाही. अंगाएवढं ड्रॉइंग त्यानं बघितलं नसावं. मग मला विचारलं, उरलेलं अर्धं कुठाय?

मी बघितलं. खरंच अर्धीच सीट होती. अर्धी पाठ, अर्धी बैठक, दोन पाय. मी रात्रभर तो कागद उशाला घेऊन झोपलो होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. ही बाकड्यावरनं उठली, गुडघ्यांवर हात ठेवत टेबलापाशी आली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "साहब, घडी पे है." शिवणाऱ्या बाया सगळं माप अर्धंच काढतात, कागद दुमडून. कापला की दुसरी बाजू आपोआप येते. पण हे त्या माणसाला कोण सांगणार? तिनं पिशवीतनं कात्री काढली, कागद त्याच्याच टेबलावर खडूच्या रेघेवर कापला, आणि उघडून त्याच्यापुढं धरला. पुरी सीट. चार पाय, चार बोल्ट, दोन हुक.

क्लार्क खुर्चीवरनं उठून बघायला आला.

तपासणिसानं कागद ठेवून घेतला. दोन दिवसांनी मुऐदरला परत आला, कागद घेऊन. सीटवर लावून बघितला, बसला. मग स्वतः बसला. बेल्ट लावला, सगळं वजन टाकून पुढंमागं हिसडे दिले. मला गाडी हलवायला लावली. पाइप कुरकुरला नाही. मग दांडा धरून उठला, एका दमात, आणि जरा वेळ दांड्याकडं बघत राहिला. त्याचेही गुडघे गेलेलेच होते. विचारलं, अशी सीट माझ्या गाडीत बसेल का? मी म्हटलं, बसेल, पण तुम्ही पास करणार नाही.

कागदावर त्यानं दोन लिहिलं.

नंबरप्लेट गुरुवारी मिळाली. हिचं विमान शुक्रवारचं. त्याच गुरुवारी असरनंतर निघालो. तिनं ठेवणीतली साडी नेसली, पदर दातात धरला. वारा वरच्या माणसाला लागतो, मी काचेखाली होतो. वाटेत तिनं सांगितलं की हळू चालवा, केस गेले, पिकअप यापेक्षा बरी, आणि डावा आरसा हलतोय. सिग्नलला एका उंच गाडीतल्या बुरख्यातल्या बाईचं आणि हिचं तोंड एका उंचीला आलं. दोघींनी माना हलवल्या. मला फक्त त्या गाडीचं चाक दिसत होतं.

समुद्रावर गाडी उभी केली. ती उतरली नाही. म्हणाली, बसायला केलीय तर बसते. अर्धा तास आम्ही बसलो. ती एवढा वेळ गप्प राहिलेली मी बघितली नव्हती. मग ती समोर बघत म्हणाली, "आता तुमी बी चला."

"विमा वर्षाचा काढलाय," मी म्हणालो.

मला काही वाईट बोलायचं नव्हतं. जे डोक्यात होतं ते तोंडात आलं. तीन आठवडे विमा, विमा करत होतो. माणूस दुसरं काय बोलणार? ती म्हणाली, बरं. आणि परतीच्या वाटेला आरशाबद्दलही काही बोलली नाही.

ती गेली आणि मी राहिलो. वर्ष संपलं, मी विमा पुढचा काढला. क्लार्क दरवेळी विचारायचा, चाचा, शेजारी कोणी बसत नाही, सीट एक करू का, स्वस्त पडेल. मी म्हणायचो, राहू दे. फोनवर ती विचारायची, गाडी कशीय. मी सांगायचो, बरीय. परत या असं ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही. एकदा म्हटलेलं परत म्हणायची तिला सवय नव्हती. मला ते माहीत होतं आणि त्याचा मी फायदा घेतला. अशी सहा वर्षं.

मग तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. कतारमधनं बाहेर पडायला मालकाची सही लागायची आणि अरबाब परदेशात होता. मी गावाला पोचलो तेव्हा तिच्या भावानं सगळं उरकलं होतं. घरात मशीनवर एक झंपर अर्धा शिवलेला होता. सुईखालीच.

पंधरा दिवसांनी सामान आवरायला कतारला परत गेलो. गाडी अरबाबाच्या त्याच मुलाला दिली आणि विमा बंद करायला ऑफिसात गेलो. क्लार्क तोच, आता त्याचे केस पिकले होते. त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, अजून सात महिने बाकी आहेत, पैसे परत मिळायचे नाहीत, तेवढे पुरे करून जा. मी म्हटलं, नाही, बंद करा. त्यानं फॉर्म काढला. त्यात कारण लिहायची जागा होती. विचारलं, काय लिहू?

मी म्हटलं, तुम्हीच लिहा काहीतरी.

त्यानं लिहिलं, गाडीचा मालक देश सोडून घरी जातोय. वाचून दाखवलं आणि बरोबर आहे ना म्हणून विचारलं. मी सही केली.