मरळीची राखण

एकोणऐंशी सालच्या आषाढात मी भंडाऱ्याहून आंधळगावची एस.टी. धरली ती निव्वळ मरळीच्या (तलावातल्या काळ्या माशाच्या) रश्श्यासाठी. श्रावण लागायच्या आत खायचा होता. घरी मात्र सांगितलं, मित्राला भेटायला जातो.

मित्र म्हणजे गुलाबशेठ, धानाचा व्यापारी. त्याने यंदा गावचा तलाव ठेक्याने घेतला होता आणि त्यात रोहूचं बीज (बोटाएवढी पिल्लं) सोडायचं होतं. ताटात आली वांगी.

"मरळ कुठंय?"

"मरळ बीज खाते, भाऊ! उन्हाळ्यात पाणी आटलं तं एकूणएक काढून फेकली."

संध्याकाळी सांडव्याखालच्या ओढ्यावर काशीबाई धिवरीण रिकामं जाळं झाडत होती. दर पावसाळ्यात मरळीची पिल्लं तलावातून ओढ्यात उतरत; त्यांच्यावर तिची बाजाराची टोपली भरे.

"वरतंच नाही, तं खाली का येईन? लेकरांले का गोटे रांधू?" मग मला न्याहाळून म्हणाली, "उद्याची पूजा तुमच्याच हातानं हाय ना, पाहुणे?"

दुसऱ्या दिवशी पाळीवर (तलावाच्या बांधावर) नारळ फुटला. आधी पाहुण्याने घागरभर पाणी तलावात ओतायचं, मग बीज सोडायचं. घागर काशीबाईने आणली होती, वर पळसाची पानं. हातात घेतली तर आतून धप्प! पानांखाली दोन काळ्या शेपट्या. काशीबाई हात जोडून आभाळाकडे बघत उभी.

"काहून थांबला गा?" गुलाबशेठ म्हणाला.

त्याच्या घरची वांगी अजून पोटात होती. तरी मी डोळे मिटले, आठवतील तेवढ्या नद्यांची नावं खणखणीत आवाजात घेतली आणि घागर पालथी केली.

पुढच्या आषाढात गेलो, तर गुलाबशेठने पिशवीही ठेवू दिली नाही; ओढतच पाळीवर नेलं. काठाशी तांबड्या पिल्लांचा पुंजका हलत होता, त्याखाली दोन काळ्या सावल्या.

"पाहा! आपली रोहू व्याली!"

रोहू असल्या साचल्या पाण्यात वीत नाही, हे धानाच्या व्यापाऱ्याला कोण सांगणार? मी तर नक्कीच नाही. त्याने राखणही बसवली होती. काशीबाईची!

"एकालेही हात लागू देऊ नको."

"नाही जी, शेठजी. पोटच्या लेकरावानी पाहून राहिली ना!" ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

शेठचं किती बीज त्या जोडीच्या पोटात गेलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ताटात पुन्हा वांगी आली. तीही संपवली.

दोन वर्षं मरळीसाठी गेलो आणि एकीचाही काटा चाखला नाही. पण परतीच्या एस.टी.तून ओढा दिसला. सांडव्यावरून पाणी पडत होतं, आणि काशीबाईचं जाळं काठावर नव्हतं, पाण्यात होतं.