आईला मावशीकडे नेणारी बॅटरी

आईची फुफ्फुसं कमजोर झाल्यापासून ऑक्सिजनच्या मशीनशिवाय तिचं भागत नव्हतं. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि ओटा बसवून आम्ही घरगाडी केली होती. तिच्यातून आईला धनजला मावशीकडे न्यायला निघालो, पण अर्ध्या वाटेत गाडीतल्या बॅटऱ्या उतरल्या. मशीन केकाटू लागलं. जवळचा सिलिंडर लावून आम्ही माघारी फिरलो.

मग मी त्या पाण्याच्या जड बॅटऱ्या काढून लिथियमची बसवली. मिस्त्रीनं चार्जरही बदलायला लावला, कारण जुना लिथियमला चालणारा नव्हता. अंगणात मशीन दिवसभर चालवून पाहिलं, तेव्हा कुठे माझी भीती गेली.

धनजला पोचलो तेव्हा गावात विजेची लाइन नव्हती. मावशी काठी टेकत गाडीतच चढली. "काहून इतकी वाळली वं बाई?" म्हणत तिनं आईचे गाल कुरवाळले. हरभऱ्याचे घाटे सोलत दोघी दुपारभर बोलत बसल्या. मशीन शांतपणे चालू होतं.

निघताना मावशी म्हणाली, "आज राहून जाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "राहाचं का रे?"

बॅटरी निम्म्याच्या वर होती, आणि लाइनही आली होती. मी मावशीच्या ओसरीतून वायर ओढली.