शेंड्यावरचे घड

इटलीतल्या आवेर्साच्या पंचक्रोशीत कास्त्रेसेइतका बुटका आणि त्याच्याइतका ताठ माणूस दुसरा नव्हता. आस्प्रिनियो द्राक्षांचे वेल इथे पॉपलरच्या झाडांवर चढवलेले. घड लोंबतात ते घरांच्या छपरांहून वर. ते काढणारा गडी अरुंद, लांबलचक शिडीवर चढतो, एक पाय पायऱ्यांमधून आरपार घालून गुडघा अडकवतो आणि दोन्ही हात मोकळे करतो. म्हणून प्रत्येकाची शिडी त्याच्या पायाच्या मापाने बनते. दुसऱ्याच्या शिडीवर शहाणा माणूस चढत नाही. बायका तर चढतच नाहीत. त्या खाली टोपल्या घेतात.

कास्त्रेसेचा डावा गुडघा हिवाळ्यापासून सुजला होता. मुलीला, एल्पीदियाला, त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. ज्याला एकदा धरून खाली उतरवलं, त्याला पुन्हा कोणी झाडावर चढू देत नाही. आणि कास्त्रेसेला दुसरं येत काय होतं? वाइनचं म्हणाल, तर ती तो फक्त पीत असे.

शेवटच्या झाडाच्या शेंड्याशी तो गुडघा अडकला. आत गेला, बाहेर येईना. मोडेन पण वाकणार नाही हा बाणा माणसाला शोभतो, गुडघ्याला नाही. वारा सुटला होता, वेलांची भिंत हलत होती आणि तिच्याबरोबर शिडीही. हाक मारावी तर शेजारच्या झाडाखाली शेजारी तम्मारो उभा, गावभर टवाळी करणारा. कास्त्रेसे घामाने निथळत घड कापत राहिला. हाताला लागेल ते कापलं, टोपली दोराने खाली सोडली.

"काय रे कास्त्रेसे, वर घरटं बांधलंस की काय?" तम्मारो ओरडला.

"तुझ्या जिभेला हाड नाही, आणि घरी काम नाही!"

एल्पीदियाने टोपली घेतली. टोपलीचं निमुळतं टोक मऊ मातीत रुतवताना तिचं लक्ष आत गेलं. कच्चे, हिरवेगार घड, वर मूठभर पाला. आस्प्रिनियोची द्राक्षं आंबट खरी, पण कच्चा घड तोडणाऱ्याचे हात कलम करावेत असं म्हणणारा तिचा बाप. तिने मान वर केली.

"बाबा, खाली या."

"येतो. झाड संपू दे."

"पाय अडकलाय ना?"

वर कात्री पुन्हा चालू लागली. तिने चपला काढल्या आणि शिडीला हात घातला.

"एल्पीदिये! खबरदार वर आलीस तर! शिडी दोघांची नाही!"

ती चढत राहिली. बापाचेच आखूड पाय तिला आले होते, त्यामुळे पायऱ्या बरोबर पावलाखाली येत होत्या. शिडी करकरली. बापाच्या खाली पोचून तिने आपला गुडघा अडकवला, खांदा त्याच्याखाली दिला.

"भार टाका माझ्यावर."

"पडशील गं."

"टाका म्हणते ना!"

त्याने टाकला. तिने दोन्ही हातांनी त्याचं पाऊल धरून मागे ढकललं. तो कळवळला, शिडी एका बाजूला सरकली, पुन्हा टेकली आणि पाय सुटला. मग ती एकेक पायरी उतरत, त्याचं पाऊल हाताने खालच्या पायरीवर ठेवत त्याला जमिनीपर्यंत घेऊन आली.

कास्त्रेसे मातीत बसला. संपलं आपलं, एवढंच त्याच्या मनात होतं. इतक्यात एल्पीदियाने त्याच्या कमरेची कात्री उपसली आणि दोर बांधलेली रिकामी टोपली खांद्याला अडकवली.

"कुठे निघालीस?"

"शेंड्यावरचे राहिलेत."

ती पुन्हा चढली. सगळं आयुष्य वर काढलेल्या त्या माणसाला झाडाची उंची आज पहिल्यांदा दिसली. इतकी? एवढ्या उंचावर आपण शीळ घालत होतो? एका फांदीशी तिचा पाय निसटल्यासारखा वाटला आणि त्याचा जीव उडाला.

"उतर! ऐकतेस का? मरू देत ते घड, उतर खाली!" त्याचा आवाज फाटला. तम्मारो बघतोय याचीही त्याला शुद्ध नव्हती.

"ओरडू नका, बाबा," वरून ती म्हणाली. "टोपली सोडतेय. धरा."

कास्त्रेसे लंगडत उठला आणि त्याने दोन्ही हात वर केले.