नाटकात रडली ते कोणासाठी

चाळीस वर्सं होऊन गेली या गोष्टीले. धानाच्या रोवण्यात माहा घरवाला गेला. रोवणा थांबत नाई, म्हणून तिसऱ्या दिवशी मी रोपं लावाले बांधीत उतरली. डोळ्यात पाणी आलंच नाई. धान घरात आल्यावर गावात नाटक झालं. त्यात बाईचा नवरा मेला, अन् मी हमसून हमसून रडली.

सकाळी विहिरीवर माही जाऊ मले म्हणे, "काऊन वो, आपला मेला तवा डोळे कोरडे, अन् नाटकातल्यासाठी रडली? तो मेलेला पाह्य, तिकडं बिडी ओढून राह्यला!"

बाया हासल्या. आपल्या माणसावर मायाच नव्हती का आपली, हेच मले कुरतडे.

पोरगी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिके. तिले सांगतलं. ती म्हणाली, "माय, याले विरेचन म्हणतेत. नाटकातलं दुःख पाहून आपलं आत साचलेलं वाहून जाते, मन हलकं होते. तू बाबासाठीच रडली."

"पुस्तकात लिहून हाय?"

"हाय ना. परीक्षेत विचारतेत."

त्या दिवशी मी पोटभर जेवली. पुढच्या साली नाटकाले बसाले बोरा घेऊन सगळ्यायच्या समोर बसली, अन् तोंडावर पदर न घेता रडली.