भिंतीवरचं नाव

"सर्टिफिकेट भिंतीवर राहील. तू मोरीकडे बघ."

डॉक्टरीणबाई हसून बोलल्या. धामणगावच्या खाजगी दवाखान्यात माझा पहिला दिवस. महाराष्ट्र नुकताच झाला होता. नागपुरात तीन वर्षं नर्सिंग शिकून, पास होऊन, सरकारी रजिस्टरात नाव चढवून आली होती मी. महारवाड्यातली पहिली. डॉक्टरांनी माझा कागद फ्रेमीत घालून खुर्चीमागं टांगला, तपासणीवाल्याले दाखवायले. माझ्या हाती बेडपॅन दिलं. सुया देई बाईंची भाची. सातवी नापास.

"तुझ्या हातची सुई आमच्या लोकांना चालायची नाही," बाई म्हणाल्या. माझा रजिस्टरातला नंबर मात्र चालत होता!

आणि मी? भाचीनं सुई द्यावी, केसपेपरवर सही मी करावी. सहीपुरता तरी मान हाय, असं वाटे मले. थू माझ्या जिंदगानीवर.

एक दिवस तापानं फणफणलेली लेकुरवाळी बाई आली. पेनिसिलीन द्यायचं होतं. आधी कातडीत थेंबभर देऊन, सोसते का नाही ते पाहाले वाट पाहाची असते. मी शिकली होती ते. भाचीनं सरळ सुई भरली. मी मोरीतून पाहून राह्यली होती. ओठावर आलं होतं, "थांब वं!" नाही बोलली. पाव घंट्यात बाईचा जीव गेला. त्या कागदावरही सही मीच केली.

आठ दिवसांनी तिचा नवरा आला. हात जोडून. "बाई, भिंतीवरचं तुमचं नाव वाचून इथं आनलं होतं तिले. म्हटलं, आपल्यातली शिकेल नर्स हाय, काही धोका नाही."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी खुर्चीवर चढली. फ्रेम काढली. डॉक्टर ओरडले, "दवाखान्याची आहे ती!"

"नाव कोणाचं हाय?" मी विचारलं.

त्या माणसाले तिथंच सांगतलं. सुई भाचीनं दिली, सही माझी, अन् मी पाहत उभी होती. तेच रजिस्टरवाल्या साहेबांले लिहून धाडलं. "वेडे, तुझंच नाव कापतील," डॉक्टर म्हणाले. कापू द्या. वावरात निंदायले जाईन.

माफी नाही मागितली मी त्याची. मागून मोकळं व्हायचं नव्हतं मले. चौकशी लागली का जबानीले त्याच्यासंगं उभी राहीन, अन् त्या सहीवर बोट ठेवून सांगीन, ही माझी.